पोलादावर नाव घालताना

चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या मोटरसायकलचं हँडल एका बाजूला पूर्ण वळवा आणि पुढचा फोर्क फ्रेममध्ये शिरतो तिथली नळी पाहा. सतरा अक्षरं-आकड्यांची एक ओळ तिच्यात रुतलेली दिसेल. बजाजची गाडी असेल तर ओळीची सुरुवात 'एमडी२'ने होते. महिंद्राच्या चारचाकीवर 'एमए१' असतं, टाटांच्या गाडीवर 'एमएटी'. पहिली दोन अक्षरं भारताच्या वाट्याला आलेल्या जोड्यांपैकी आहेत. गाडीचा रंग बदलतो, टायर बदलतात, मालक तर तीन-चारदा बदलतो; ही ओळ मात्र गाडी भंगारात जाईपर्यंत तिथेच राहते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२२व्या नियमाने तशी सक्तीच केली आहे. चासी नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचा महिना धातूतच उमटलेला हवा, नुसता रंगाने लिहून भागत नाही. जुनी गाडी विकताना एजंट त्या ओळीवर पातळ कागद धरून पेन्सिल घासतो आणि 'चासी प्रिंट' काढतो, तेव्हा तो त्या खोलगटपणावरच भरवसा ठेवत असतो.

या सतरा जागांत इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच येत नाहीत. आय एक या आकड्यासारखा दिसतो, ओ शून्यासारखा आणि क्यू त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी. कागदावरचा गोंधळ खोडता येतो. पोलादातला येत नाही, म्हणून ती अक्षरंच हद्दपार केली. घरी पंच-हातोडी घेऊन बसणाऱ्याने हा शहाणपणा आधी उचलावा.

हे प्रकरण तसं गाड्यांचं नाही. ते आहे गोल्फच्या क्लबवर, त्यातही वेज आणि आयर्न या पोलादी डोक्याच्या क्लबवर, घरच्या घरी अक्षरं ठोकण्याबद्दल. हा छंद अमेरिकेत आणि जपानात चांगला रुजलेला आहे. स्वतःची आद्याक्षरं, मुलीचं नाव, एखादी तारीख, क्वचित एखादा चावट शब्द क्लबच्या पाठीवर ठोकायचा आणि त्यात रंग भरायचा. टायटलिस्ट कंपनीत वेज घडवणाऱ्या बॉब व्होकी यांच्या कार्यशाळेतून व्यावसायिक खेळाडूंसाठी अशी हाताने ठोकलेली डोकी बाहेर पडू लागली, आणि ती टीव्हीवर पाहून हौशी खेळाडूंनाही तसंच हवंसं वाटू लागलं. पुढे कंपन्यांनी पैसे घेऊन ही सोय सर्वांना दिली.

पुण्यात गोल्फ नवा नाही. येरवड्याचं गोल्फचं मैदान जुनं आहे, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळलेला उदयन माने पुण्याचाच. चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यात जपानी, कोरियन, जर्मन कंपन्या आल्या आणि त्यांच्या अधिकाऱ्यांबरोबर गोल्फच्या बॅगाही आल्या. पण चाकणचा या छंदाशी खरा संबंध खेळातून येत नाही, तो पोलादातून येतो. धातूत अक्षर कसं बसवायचं हे ज्याला रोज करावं लागतं असा माणूस या पट्ट्यात प्रत्येक शेडमध्ये सापडतो. टूल रूममधला फिटर डायवर पार्ट नंबर ठोकतो, फोर्जिंगमधला कामगार जॉबवर हीट नंबर घालतो, आयटीआयचा विद्यार्थी परीक्षेच्या जॉबवर स्वतःचा नंबर पंच करतो. यांतल्या कुणाच्या हातात गोल्फचा वेज दिला तर त्याला खेळाचं काही कळणार नाही, पण डोकं हातात तोलून तो पहिला प्रश्न बरोबर विचारेल: मटेरियल काय आहे?

सगळी गोम त्या प्रश्नात आहे, म्हणून तिथेच थोडं थांबू.

गोल्फच्या आयर्नची डोकी दोन तऱ्हांनी बनतात, फोर्जिंगने आणि कास्टिंगने. फोर्जिंगमध्ये गोल सळईचा तुकडा लालभडक तापवून डायमध्ये दाबतात, मग कडेचा फ्लॅश कापतात आणि ग्राइंडिंग करून आकार पुरा करतात. मुंढव्यात १९६१ साली स्थापन झालेल्या भारत फोर्जने आणि नंतर भोसरी-चाकणच्या लहानमोठ्या फोर्जिंग शॉपनी क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड याच वाटेने काढले. जपानातल्या ह्योगो प्रांतातलं इचिकावा हे फोर्ज केलेल्या आयर्नसाठी नावाजलेलं गाव. तिथलं आयर्न आणि इथला कनेक्टिंग रॉड यांना चुलत भाऊच म्हणायला हवं. फोर्ज केलेल्या आयर्नचं पोलाद बहुधा १०२० किंवा १०२५ या जातीचं असतं, म्हणजे त्यात कार्बन पाव टक्का किंवा त्याहून कमी. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत हे एमएसच्या, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, जवळचं, मऊ आणि पंचाला वश होणारं पोलाद.

कास्टिंगची डोकी साच्यात ओतलेली असतात आणि त्यांचं पोलाद एका जातीचं नसतं. व्होकी वेजमध्ये ८६२० वापरतात. हा आकडा चाकणच्या कुठल्याही गिअर शॉपमध्ये रोज कानावर पडतो. शेवटचे २० म्हणजे कार्बन ०.२० टक्के, आधीचे ८६ म्हणजे निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनमचा ठरावीक मेळ. गिअरसाठी ते कार्ब्युराइझ करून वरून कडक करतात, क्लबसाठी तसं करत नाहीत, त्यामुळे ८६२०च्या वेजवर अक्षर व्यवस्थित बसतं. याउलट पिंग कंपनीच्या आय-२ सारख्या गाजलेल्या आयर्नचं पोलाद १७-४ जातीचं स्टेनलेस आहे. सतरा टक्के क्रोमियम, चार टक्के निकेल, त्यात तांबं, आणि वरून उष्णता देऊन मुद्दाम वाढवलेला कडकपणा. यावर साध्या पंचाने ठोकलं तर एक फिकट ओरखडा उमटतो आणि पंचाची धार बसते.

चुंबक लावून पोलाद ओळखण्याची आपल्याकडे सवय आहे. भांड्यांच्या दुकानात ती काही अंशी चालते, कारण ३०४ जातीच्या स्टेनलेसला चुंबक जवळपास चिकटत नाही. क्लबच्या बाबतीत ती फसवते. १७-४ आणि ४३१ ही दोन्ही स्टेनलेस पोलादं चुंबकाला छान धरतात आणि साधं कार्बन पोलादही धरतं. म्हणून कंपनीने छापलेली माहिती वाचणं हा पहिला मार्ग. ती नसेल तर पाठीवर, सोलच्या म्हणजे तळाच्या बाजूच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात, सेंटर पंचाने एक हलका ठोका द्यावा आणि त्याच जोराचा दुसरा ठोका एमएसच्या पट्टीवर द्यावा. दोन खळगे सारखे दिसले तर पुढे जायला हरकत नाही. क्लबवरचा खळगा निम्म्याने लहान असेल तर तो क्लब सोडून द्यावा.

पोलाद ओळखल्यावर प्रश्न येतो जोराचा. बहुतेकांचा समज असतो की अक्षर उमटवायला दणकट हात लागतो. हिशेब करून पाहू. ३ मिलिमीटर उंचीच्या साध्या इंग्रजी अक्षराच्या रेघांची एकूण लांबी साधारण ९ मिलिमीटर धरा आणि पंचाच्या धारेची रुंदी पाव मिलिमीटर. पोलादाला टेकणारं क्षेत्र झालं सव्वादोन चौरस मिलिमीटर. मऊ कार्बन पोलादाची ब्रिनेल कठीणता १३०च्या आसपास असते, म्हणजे त्यात काही रुतवायचं तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे १३० किलोचा दाब लागतो. गुणाकार तीनशे किलोच्या आत येतो. १७-४ची कठीणता ३३० धरली तर तोच आकडा साडेसातशेच्या घरात जातो. धार आत जाईल तशी रुंदावते, तेव्हा प्रत्यक्षात दाब याहून जास्तच लागेल, पण अंदाजाला एवढं पुरे.

तीनशे किलो ऐकून घाबरायचं कारण नाही. अर्धा किलोची हातोडी माणूस सहज चालवतो त्या वेगाने पंचावर आदळली तर सेकंदाच्या काही दहा-हजाराव्या भागापुरता एवढा दाब सहज निर्माण होतो. त्या ठोक्यात लागणाऱ्यापेक्षा ऊर्जाही जास्त असते. अडचण निराळीच आहे. क्लबचं डोकं खाली नीट टेकलेलं नसेल तर ते ठोक्यासरशी खाली दबतं, पंच उडतो आणि ऊर्जा अक्षरात न जाता टेबलाच्या लाकडात जाते. हौशी माणूस मग जोर वाढवतो, दुसरा ठोका मारतो, तेवढ्यात पंच केसभर सरकलेला असतो आणि एका अक्षराची दोन अक्षरं होतात. अक्षर हातोडीच्या जोरापेक्षा खालच्या आधारावर बसतं. चाकणच्या फिटरने हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसतं, पण तो जॉब ऐरणीवर किंवा सरफेस प्लेटशेजारच्या जाड ठोकळ्यावर ठेवल्याशिवाय पंच हातात घेत नाही.

गोल्फच्या डोक्याला आधार देणं मात्र जरा किचकट. त्याच्या फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, खाचा असतात आणि खेळात चेंडूला फिरकी देणं त्यांच्यावर अवलंबून असतं. पाठीवर ठोकताना फेस खाली येतो. तो सरळ ऐरणीवर टेकवला तर खाचांच्या कडा चेपतील, जाड रबरावर टेकवला तर ठोका रबर खाईल. मधला मार्ग म्हणजे ऐरणीवर किंवा आठ-दहा किलोच्या पोलादी ठोकळ्यावर अ‍ॅल्युमिनियमचा वा तांब्याचा पातळ पत्रा अंथरून त्यावर फेस सपाट बसवणं. पाठीला उतार असतो, त्यामुळे ठोकायची जागा वर आणि आडवी येईल अशी पाचर खाली द्यावी लागते. पाचरही धातूचीच हवी. दांडा हवेत लोंबकळत ठेवू नये, त्याखाली उशी द्यावी, विशेषतः ग्रॅफाइटचा असेल तर. डोक्याचा आणि दांड्याचा सांधा इपॉक्सीने चिकटवलेला असतो, आणि दांड्याला बसणारे हिसके त्या सांध्यापर्यंत पोहोचतात. दांडा बसवण्याआधीच डोकं मिळालं तर उत्तम, कारखान्यात तसंच करतात.

पंचाबद्दल थोडं. पुण्यात बोहरी आळीत किंवा भोसरी-चाकणच्या हार्डवेअरच्या दुकानात 'लेटर पंच' आणि 'नंबर पंच' असे दोन निरनिराळे डबे मिळतात. नंबरच्या डब्यात दहा नाही, नऊ पंच निघतात, कारण सहा उलटा धरला की नऊ होतो. अक्षर पंचाच्या टोकावर आरशातल्यासारखं उलटं कोरलेलं असतं. बाजूच्या एका अंगावर खूण असते. ती खूण दर वेळी आपल्याकडे येईल असा पंच धरला की एम उलटा होऊन डब्ल्यू पडत नाही. वेजच्या पाठीसाठी ३ किंवा ४ मिलिमीटरचा संच पुरतो, ६ मिलिमीटरचं अक्षर तिथे ओबडधोबड दिसतं. पंचाचं टोक कडक असतं आणि डोकं मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. वापरून वापरून त्या डोक्याला फुलाच्या पाकळ्यांसारख्या कडा सुटतात, त्या घासून टाकाव्यात. त्यातला एक कण उडून डोळ्यात गेला तर गोल्फ राहिला बाजूला. चष्मा हवाच.

ओळ सरळ यावी म्हणून कागदी चिकटपट्टी लावून तिच्या कडेला पंच टेकवतात. शब्दाची सुरुवात मधल्या अक्षरापासून करावी, मग दोन्ही बाजूंना पसरावं, म्हणजे शेवटचं अक्षर कडेवरून खाली पडत नाही. आय आणि एम यांची रुंदी सारखी नसते हे विसरलं की अंतरं बिघडतात. ठोका एकच, सरळ आणि निश्चयाचा. एखाद्या अक्षराची एक बाजू उथळ राहिली तर पंच त्याच खाचेत परत बसवावा. तो बसल्याचं हाताला कळतं. मग उथळ बाजूकडे किंचित झुकवून हलकं ठोकावं. अक्षरं थोडी वरखाली झाली तर वाईट वाटून घेऊ नये. माझ्या मते हाताने ठोकलेल्या ओळीत जरा नाचरेपणा असावाच. सरळसोट ओळच हवी असेल तर लेझर मार्किंगवाल्याकडे जावं, चाकणमध्ये त्यांना तोटा नाही.

कुठे ठोकू नये हे जास्त महत्त्वाचं. फेसवर कधीही नाही. तिथल्या खाचा आणि खुणा यांवर गोल्फच्या नियमांची बारीक नजर असते आणि क्लब अवैध ठरू शकतो. दांडा शिरतो त्या मानेवर नाही, ती आतून पोकळ असते. ड्रायव्हर या लांब फटक्याच्या क्लबच्या डोक्यावर तर मुळीच नाही. ते टायटॅनियमचं आणि पातळ भिंतींचं असतं, ठोक्याने अक्षर उमटण्याऐवजी खड्डा पडेल. पाठीमागे खोलगट पोकळी असलेल्या आयर्नमध्येही तळाचा जाड भाग सोडून दुसरीकडे हात लावू नये. १९८०च्या दशकातली तांबूस रंगाची बेरिलियम-कॉपरची डोकी कुणाकडे वारशाने आली असतील तर ती तशीच राहू द्यावीत. ठोकताना धूळ होत नाही हे खरं, पण नंतर कडा घासायचा मोह होतो, आणि बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते.

क्रोमचा मुलामा हीसुद्धा एक पीडा. फोर्ज केलेली बरीच आयर्न्स निकेल-क्रोमने चकचकीत केलेली असतात. मुलामा ठिसूळ असतो. खालचं मऊ पोलाद दबतं, मुलामा दबत नाही, तडकतो. त्या बारीक तड्यांतून पाणी शिरतं आणि पावसाळा संपेपर्यंत अक्षरांभोवती तांबेरा चढतो. म्हणून मुलामा नसलेला 'रॉ' वेज या कामाला सगळ्यांत चांगला. त्यालाही गंज चढतोच, पण तो एकसारखा चढतो, आणि तेलाचा हात फिरवला की आटोक्यात राहतो.

वजनाची शंका पुष्कळ जण काढतात. डोक्याचं वजन दोनेक ग्रॅमनी बदललं तरी क्लब फिरवताना चोखंदळ खेळाडूला फरक जाणवतो. पंचाने मात्र वजन बदलत नाही. खोदकामात धातू निघून जातो, ठोकण्यात तो फक्त बाजूला सरकतो. ठोकलेल्या अक्षरावरून नख फिरवून पाहा, प्रत्येक रेघेच्या काठाला बारीकशी उंच किनार लागते. खाचेतून हटलेलं पोलाद तिथे आलेलं असतं. वजन बदलतं ते रंगाने, आणि तेही नगण्य. साधा इनॅमल रंग किंवा नेलपॉलिश अक्षरांत भरायचं, जरा सुकू द्यायचं आणि बोटाला गुंडाळलेल्या, थिनर लावलेल्या कापडाने वरून पुसायचं. कापड बोटावर ताणलेलं हवं, सैल असेल तर ते खाचेत शिरून आतला रंगही काढून आणतं.

सरकलेल्या पोलादाची गोष्ट किनारीपाशी संपत नाही. अक्षराच्या खाली, डोळ्याला न दिसणाऱ्या खोलीपर्यंत, धातूचे कण चेपलेले आणि ताणलेले राहतात. वरचं अक्षर कानशीने घासून गुळगुळीत केलं तरी खालचे चेपलेले कण शिल्लक असतात, आणि आम्ल त्यांना आजूबाजूच्या पोलादापेक्षा वेगळ्या गतीने खातं. चोरीच्या गाड्यांचे घासलेले चासी नंबर न्यायवैद्यक प्रयोगशाळेत याच गुणामुळे परत वाचता येतात. क्युप्रिक क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचं फ्राय यांच्या नावाने ओळखलं जाणारं द्रावण घासलेल्या जागी लावलं की थोड्या वेळाने नाहीसे झालेले आकडे पुसट वर येतात. चोराने आणखी खोल घासलं तर मात्र उपाय खुंटतो. लेझरने किंवा खोदकाम करून घातलेल्या नंबराखाली चेपलेल्या कणांचा असा जाड थर नसतो, म्हणून धातूत ठोकलेल्या अक्षराची ओळख सगळ्यांत चिवट. वेज विकताना जुन्या मालकाचं नाव घासून टाकणाऱ्याने हे जाणून असावं.

धातूवर ठोकून खूण करण्याची कला गोल्फमध्ये फार जुनी आहे. दांडे लाकडी होते त्या काळात स्कॉटलंडचे लोहार आयर्नच्या पाठीवर आपली निशाणी ठोकत. सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्ट्युअर्टची चिलीम, लेव्हनच्या जॉर्ज निकोलचा हाताचा पंजा, किंगहॉर्नच्या विल्यम गिब्सनचा तारा. बॉबी जोन्ससारख्या खेळाडूच्या बॅगेत स्ट्युअर्टची चिलीम उमटलेली आयर्न्स होती. आज संग्राहक क्लबचं वय आणि घर त्या निशाणीवरूनच ओळखतात.

आपल्याकडे तर हे काम नाण्यांनी शिकवलं. शिवराई हातोड्याखालीच पडत असे. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वर तांब्याची चकती, तिच्यावर दुसरा ठसा आणि मग घण. चकती ठशाहून लहान असे, त्यामुळे एका शिवराईवर सगळी अक्षरं क्वचितच सापडतात. पेशवाईत चिंचवडलाही टाकसाळ होती. ज्या गावात पुढे मोटारींचे सुटे भाग प्रेसवर पडू लागले तिथे त्याच्या कितीतरी आधी चांदीचे रुपये ठशावर पडत होते. छापखान्याच्या खिळ्यांचंही मूळ इथेच. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी देवनागरीचे पोलादी पंच कोरले. असा पंच तांब्याच्या तुकड्यात ठोकला की मातृका तयार होई आणि तिच्यात शिसं ओतून खिळा निघे. मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी जे वाचलं त्याची सुरुवात धातूवरच्या अशाच एका ठोक्याने झाली आहे.

इथे मराठी हौशी माणसाची खरी अडचण येते. बाजारातल्या पंचाच्या डब्यात इंग्रजीची सव्वीस अक्षरं असतात. देवनागरीचा डबा सहज मिळत नाही, आणि मिळाला तरी पुरणार नाही. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरं, वरून शिरोरेघ अखंड हवी. 'कृष्णा' ठोकायचं म्हटलं तर एकेक पंच लावून ते जमणार नाही. राणोजींना शेकडो पंच कोरावे लागले ते उगाच नाही. वर्कशॉपमध्ये यावर उपाय म्हणून सरसकट इंग्रजीच ठोकतात.

पण त्याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. आजीच्या माळ्यावरचा पितळी हंडा किंवा पातेलं उतरवा. काठाखाली नाव दिसेल, आणि नीट पाहिलं तर ते सलग रेघांचं नसून ठिपक्यांचं असेल. भांडीवाला लहानशी टोकदार छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन टिक-टिक करत एकेक ठिपका पुढे सरकवत असे. 'चि. सौ. कां.' पासून 'सप्रेम भेट' पर्यंत सगळी जोडाक्षरं त्यात सहज बसत. लग्नकार्यात पंगतीला भांडी गल्लीभरातून गोळा व्हायची आणि नावावरूनच ती परत घरी जायची, त्यामुळे ही हौस नव्हती, गरज होती. पुढे त्या जागी विजेवर थरथरणारं पेन आलं.

चाकणच्या कारखान्यांतलं डॉट पीन यंत्र नेमकं हेच करतं. त्याची कार्बाइडची सुई हवेच्या दाबाने किंवा विजेवर सेकंदाला अनेकदा आपटते आणि ठिपक्यांतून आकडे काढते. फरक इतकाच की तिला संगणक वाट दाखवतो. क्लबवर मराठी नाव हवं असेल तर लेटर पंचाचा नाद सोडून ही रीत धरावी. आधी पातळ मार्करने नाव लिहून घ्यावं, शिरोरेघ काढावी, मग बारीक टोकाच्या पंचाने ठिपके द्यावेत. शिरोरेघेचे ठिपके दाट, वळणांचे थोडे विरळ. एका ठिपक्याचं क्षेत्र अक्षराच्या मानाने फारच लहान असल्याने दाब थोडा पुरतो, हातोडी हलकी चालते, आणि कडक स्टेनलेसवरही काहीतरी उमटतं. चुकलेला ठिपका शेजारच्या ठिपक्यांत मिसळून जातो. वेळ मात्र लागतो. 'सावित्री' एवढं नाव ठिपक्यांनी काढायला लेटर पंचाच्या कित्येक पट वेळ जातो, आणि माझ्या दृष्टीने तो सार्थकी लागतो, कारण असा वेज कुठल्याही परदेशी कार्यशाळेत मिळणार नाही.

नियमांचं एक राहिलं. गोल्फचे नियम खेळाडूला चेंडूवर स्वतःची खूण करायला सांगतात. क्लबवर खूण करणं हा मात्र हौसेचा भाग. फेरी चालू असताना क्लबचा गुणधर्म मुद्दाम बदलणं निषिद्ध आहे, पण घरी, फेरीच्या आधी, पाठीवर ठोकलेल्या नावाला कुणी हरकत घेत नाही. बॅगेत क्लब मात्र चौदापेक्षा जास्त नकोत, नाव असो वा नसो.

तेव्हा करून पाहायचं असेल तर पहिला ठोका वेजवर देऊ नका. चाकण-भोसरीत कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमागे एमएस पट्टीचे तुकडे पडलेले असतात. मालकाला विचारलं तर तो फुकट देईल. पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून ओळखीचा एखादा फिटर त्या दिवशी गाठा, त्याला चहा पाजा आणि ऐरणीजवळ उभं राहून त्याचा ठोका बघा. पट्टीवर तेच नाव, तेवढ्याच आकाराचं, वाचणाऱ्याला पटेल इतकं सरळ येईपर्यंत ठोका, आणि मग बॅगेतला सगळ्यांत जुना वेज काढा.